नोंदवहीपासून क्यूआर कोडापर्यंत : ग्रामीण कार्यक्रमांची ऑनलाइन नोंदणी

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले की डाव्या अंगाला उजनी जलाशयाचा पाणपसारा सोबत करू लागतो. याच वाटेवर इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर हे गाव लागते. एकीकडे ऊस, डाळिंब आणि द्राक्षे यांची शेती, दुसरीकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र, आणि मधून वाहणारा राष्ट्रीय महामार्ग, असे या परिसराचे आजचे रूप आहे. अशा गावात शेतकरी मेळावे, प्रशिक्षण शिबिरे, कामगारांचे आरोग्य तपासणी कार्यक्रम, कुस्त्यांचे फड, नाट्यप्रयोग, धावण्याच्या स्पर्धा असे काही ना काही वर्षभर चालू असते. त्या प्रत्येकाच्या आयोजकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो, तो म्हणजे नेमकी किती माणसे येणार?

या प्रश्नाचे उत्तर आजवर अंदाजाने दिले जात असे. 'दोनशे तरी येतील' असे गृहीत धरून मांडव घालावा, आणि प्रत्यक्षात साडेतीनशे माणसे यावीत. किंवा चारशे जणांचा स्वयंपाक करावा आणि निम्मा वाया जावा, हा अनुभव गावोगावच्या कार्यकर्त्यांना परिचित आहे. परंतु खरी हानी अन्नाची नव्हे, माणसांची होते. जलाशयापलीकडच्या करमाळा तालुक्यातून एखादी शेतकरी महिला दिवसाची मजुरी बुडवून, प्रवासखर्च करून यावी आणि सभागृहात जागा नाही म्हणून तिला दारातूनच परतावे लागावे, ही गोष्ट कोणत्याही लोकोपयोगी कार्यक्रमास शोभणारी नाही. हे टाळावयाचे तर आगाऊ नोंदणी हवी. ती सुलभ करणारे साधन म्हणून ऑनलाइन तिकीट व्यासपीठ आज ग्रामीण भागासही उपलब्ध झाले आहे. त्याचे कार्य कसे चालते, त्यापासून लाभ कोणते आणि ते वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

वारीतील जुनी व्यवस्था

आगाऊ नोंदणीची कल्पना या भूमीस नवी नाही. जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी याच दोन तालुक्यांतून पंढरपूरकडे जाते. हजारो वारकऱ्यांचा हा प्रवाह शिस्तीने पुढे सरकतो, कारण त्यात प्रत्येक दिंडीस क्रमांक ठरलेला असतो. रथापुढील दिंड्या कोणत्या आणि रथामागील कोणत्या, हे निश्चित असते. दिंडीत सामील होणारा वारकरी आपल्या भोजनखर्चाची रक्कम, म्हणजे 'भिशी', दिंडीप्रमुखाकडे भरतो. त्यावरून दिंडीप्रमुखास पंगतीला पाने किती, तंबू किती आणि सामानाची वाहने किती, याचा हिशेब घालता येतो.

या व्यवस्थेत नोंदणीची तीन मूलतत्त्वे आढळतात. येणाऱ्याची गणना आधी होते, त्याचे स्थान ठरते आणि त्याने दिलेल्या पैशाचा हिशेब राहतो. आधुनिक तिकीट व्यासपीठही हीच तीन कामे करते. फरक इतकाच की वहीची जागा संगणकाने घेतली आहे आणि क्रमांकाची जागा क्यूआर कोडाने.

नाट्यगृहाच्या खिडकीवरही पूर्वी अशीच पद्धत होती. नाटकाचा 'प्लॅन' सुरू झाला की आसनांचा तक्ता टेबलावर पसरलेला असे आणि विकलेल्या आसनावर पेन्सिलीने फुली पडे. हा तक्ता एकच असल्यामुळे एक आसन दोघांना विकले जाण्याची भीती कमी असे. मात्र तो पाहण्यासाठी खिडकीपर्यंत जावे लागे. ऑनलाइन व्यासपीठाने हाच एक तक्ता सर्वांच्या घरी नेऊन ठेवला.

देशातील वाटचाल

भारतात सामान्य माणसास ऑनलाइन तिकिटाचा परिचय प्रामुख्याने रेल्वेने करून दिला. इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन म्हणजेच आयआरसीटीसी या संस्थेने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट देण्यास प्रारंभ केला. चित्रपट व अन्य कार्यक्रमांच्या क्षेत्रात मुंबईच्या 'बुकमायशो'ने २००७ पासून आपला विस्तार केला. पुण्यात 'टाउनस्क्रिप्ट' नावाचे व्यासपीठ उभे राहिले. लहानमोठ्या आयोजकांना कार्यशाळा, पदभ्रमण, स्पर्धा इत्यादींची नोंदणी स्वतःच सुरू करता यावी, हा त्याचा विशेष होता. २०१७ मध्ये बुकमायशोने त्यात मोठा हिस्सा घेतला. मराठी नाटकांच्या तिकिटांसाठी अभिनेते व निर्माते श्री. प्रशांत दामले यांच्या पुढाकाराने 'तिकिटालय' हे ॲप निघाले.

क्रीडाक्षेत्रात तर ऑनलाइन नोंदणीशिवाय मोठी स्पर्धा घेणे आज कठीणच झाले आहे. २०१२ पासून होत असलेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे उदाहरण यादृष्टीने पाहण्यासारखे आहे. डोंगरी रस्त्यावरील या स्पर्धेसाठी कित्येक महिने आधी नोंदणी होते आणि ठरावीक जागा भरल्या की ती बंद होते. धावपटूंची संख्या, वय आणि गट आधीच कळल्यामुळे पाणी, वैद्यकीय पथके आणि छातीवर लावावयाचे क्रमांक यांची तयारी वेळेवर करता येते. पंढरपूर येथील श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातही दर्शनाच्या आगाऊ नोंदणीची सोय आहे आणि २०२५ मध्ये टोकन दर्शन पद्धतीची चाचणीही तेथे घेण्यात आली. तासन् तास रांगेत तिष्ठणाऱ्या वृद्ध भाविकांच्या दृष्टीने ठरलेल्या वेळेचे मोल किती, हे सांगावयास नको.

या सर्व प्रगतीस पैशाच्या देवघेवीतील एका बदलाने मोठीच चालना दिली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही प्रणाली आणली. त्यामुळे पन्नास किंवा शंभर रुपयांचे प्रवेशशुल्कही बँक खात्यातून मोबाईलवर भरता येऊ लागले. मार्च २०२२ मध्ये साध्या मोबाईलसाठी 'यूपीआय १२३पे' ही सोय आली आणि इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही रक्कम देण्याचा मार्ग खुला झाला.

व्यासपीठाचे कार्य

तिकीट व्यासपीठ म्हणजे आयोजक आणि सहभागी यांच्यामधील एक संगणकीय कार्यालय होय. आयोजकाने तेथे खाते उघडून कार्यक्रमाचे एक पान तयार करावयाचे असते. कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ, स्थळ, प्रवेशाचे प्रकार, प्रत्येक प्रकाराच्या जागा, शुल्क आणि नोंदणी बंद होण्याची वेळ हा तपशील त्यात भरला की त्या पानाचा दुवा मिळतो. हा दुवा व्हॉट्सॲपवरून पाठविता येतो, त्याचप्रमाणे त्याचा क्यूआर कोड छापून ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र, विकास सोसायटी अशा वर्दळीच्या ठिकाणी लावता येतो.

सहभागी व्यक्ती आपले नाव व मोबाईल क्रमांक भरते, जागा निवडते आणि शुल्क देते. या वेळी व्यासपीठ ती जागा काही मिनिटांपुरती राखून ठेवते. शेवटच्या एका जागेसाठी दोघांनी एकाच क्षणी प्रयत्न केला तरी ती ज्याच्या नावे प्रथम राखली गेली त्यालाच मिळते. ठरलेल्या मुदतीत पैसे न आल्यास जागा पुन्हा खुली होते. पैसे मिळताच प्रत्येक तिकिटास स्वतंत्र क्रमांक पडतो आणि तो क्यूआर कोडाच्या रूपाने मोबाईलवर येतो.

हा काळ्यापांढऱ्या चौकटींचा कोड १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी, हा त्यामागील मूळ हेतू होता. त्याचा एक गुण ग्रामीण आयोजकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. माहितीची काही पुनरुक्ती कोडातच केलेली असल्याने त्याचा थोडा भाग मळला किंवा फाटला तरी तो वाचता येतो. सर्वांत वरच्या पातळीच्या दुरुस्तीची योजना असेल तर सुमारे ३० टक्के भागाची हानीही भरून निघते. त्यामुळे घडी घालून खिशात ठेवलेली कागदी प्रत बहुधा चालते. तिकीट मोबाईलमध्येच असले पाहिजे असे नाही.

प्रवेशद्वारी स्वयंसेवक आपल्या मोबाईलने कोड वाचतो. तिकीट खरे असेल आणि पूर्वी वापरले गेले नसेल तरच प्रवेशाची नोंद होते. एकाच तिकिटाची छायाप्रत घेऊन दुसरी व्यक्ती आली तर 'हे तिकीट वापरले गेले आहे' असा इशारा मिळतो. बनावट पावत्यांवर याहून सोपा उपाय नाही.

एका शिबिराचा नमुना

आता एक उदाहरण घेऊन हे सर्व टप्पे पाहू. समजा, लोणी देवकर येथे डाळिंब उत्पादकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण शिबिर भरवावयाचे आहे. सभागृहात ३०० आसने आहेत आणि भोजनासह शुल्क १०० रुपये ठेवावयाचे आहे.

पहिली पायरी जागांच्या वाटपाची. वक्ते, पाहुणे व कार्यकर्ते यांच्यासाठी २० आसने राखून ठेवल्यास २८० उरतात. यांपैकी सर्वच ऑनलाइन खुली करण्याचा मोह टाळावा. १८० जागा ऑनलाइन, ८० जागा गावोगावच्या नोंदणी केंद्रांवर आणि २० जागा त्या दिवशी आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी, असे वाटप अधिक न्याय्य ठरेल. व्यासपीठावर या तीन गटांचे तीन स्वतंत्र प्रकार करावेत, म्हणजे एका गटाची जागा दुसऱ्यात नकळत जाणार नाही.

दुसरी पायरी अर्जाची. अर्जात जितके प्रश्न अधिक, तितकी अर्धवट सोडून देणारी माणसे अधिक. नाव, गाव, मोबाईल क्रमांक आणि डाळिंबाखालील क्षेत्र एवढी माहिती या शिबिरास पुरेशी आहे. आधार क्रमांक, जन्मतारीख, बँक खाते यांची येथे काहीच आवश्यकता नाही. अर्ज मराठीत असावा आणि प्रकाशित करण्यापूर्वी गावातील दोघातिघांकडून तो भरून घेऊन पाहावा. आयोजकास सोपे वाटणारे वाक्य वाचकास कोठे अडते, हे त्या वेळी कळते.

तिसरी पायरी हिशेबाची. व्यासपीठ प्रत्येक तिकिटामागे काही सेवाशुल्क घेते आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. दर निरनिराळ्या व्यासपीठांचे वेगळे असतात. विनाशुल्क कार्यक्रमासाठी अनेक ठिकाणी असा आकार नसतो. केवळ उदाहरणादाखल सेवाशुल्क ३ रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ५४ पैसे कर धरला, तर आयोजकांच्या हाती एका तिकिटाचे ९६ रुपये ४६ पैसे पडतील. १८० तिकिटांचे १८,००० रुपये जमा झाले तरी ६३७ रुपये २० पैसे वजा जाऊन १७,३६२ रुपये ८० पैसे मिळतील. हा आकार सहभागी व्यक्तीने सोसावयाचा की आयोजकाने, हे आधीच ठरवावे आणि पानावर स्पष्ट लिहावे. शंभर रुपये वाचून नोंदणीस बसलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी अधिक रक्कम दिसली की त्याचा विश्वास डळमळतो.

आणखी एक बाब अंदाजपत्रक करताना विसरू नये. काही व्यासपीठे जमा रक्कम कार्यक्रम पार पडल्यानंतरच आयोजकांच्या बँक खात्यात वर्ग करतात. मांडववाला व आचारी यांची विसार रक्कम मात्र आधी द्यावी लागते. तेव्हा तिकिटाच्या पैशांवर विसंबून शब्द देण्यापूर्वी ती रक्कम कोणत्या दिवशी मिळणार, याची लेखी खात्री करून घ्यावी. कार्यक्रमावर कर लागू होतो किंवा कसे, याबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घेणे हिताचे.

चौथी पायरी गैरहजेरीची. नोंदणी केलेले सर्वच जण येतात असे नाही, आणि विनाशुल्क कार्यक्रमात तर न येणाऱ्यांचे प्रमाण सहजच वाढते. यावर उपाय म्हणजे प्रतीक्षायादी. जागा भरल्यानंतर येणाऱ्यांची नावे क्रमाने घ्यावीत. शिबिराच्या दोन दिवस आधी सर्वांना स्मरणसंदेश पाठवावा आणि ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी जागा सोडावी, अशी विनंती करावी. सुटलेली जागा प्रतीक्षायादीतील पहिल्या व्यक्तीस मिळते. भोजनाची अंतिम संख्या आचाऱ्यास त्यानंतरच कळवावी.

पाचवी पायरी प्रवेशद्वाराची. तीनशे माणसे एकाच अर्ध्या तासात येतात, ही गोष्ट गृहीत धरून दोन तरी रांगा ठेवाव्यात. ग्रामीण भागात मोबाईलचे जाळे ऐनवेळी मंद होण्याचा संभव असतो. म्हणून तपासणीचे ॲप इंटरनेटविना चालते काय, हे आधी पाहावे आणि आदल्या रात्री संपूर्ण यादी त्यात उतरवून घ्यावी. दोन मोबाईल इंटरनेटविना वापरले तर एकावर झालेली नोंद दुसऱ्यास तत्काळ कळत नाही. म्हणून आडनावाच्या किंवा तिकीट क्रमांकाच्या अनुक्रमाने रांगा वाटून द्याव्यात. शिवाय यादीची एक छापील प्रत टेबलावर असावी. वीज गेली, मोबाईल बंद पडला, तरी कागद बंद पडत नाही.

२०२१ चा धडा

येथवर वर्णिलेल्या वाटपात ८० जागा केंद्रांसाठी का राखल्या, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देशाने २०२१ मध्ये अनुभवले आहे. कोविड प्रतिबंधक लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि त्याच्या नोंदणीसाठी 'कोविन' हे ऑनलाइन व्यासपीठ वापरण्यात आले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षे वयोगटास लस खुली झाली, परंतु या गटासाठी प्रारंभी ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती. लस अपुरी आणि इच्छुक असंख्य, अशा स्थितीत जागा खुल्या होताच काही क्षणांत भरू लागल्या. शहरातील तरुण वेगवान इंटरनेटच्या साहाय्याने ग्रामीण केंद्रांवरील जागा नोंदवीत आणि गाडीने तेथे पोहोचत. ज्या गावात केंद्र, त्याच गावचे लोक मात्र दारात उभे राहून पाहत. पुणे जिल्ह्यासह राज्याच्या अनेक भागांतून त्या वेळी याबाबत तक्रारी आल्या.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीची दखल घेतली. तत्पूर्वी २४ मे रोजी केंद्र शासनाने या वयोगटासाठी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस मुभा दिली होती. २१ जूनपासून नवे धोरण अमलात आल्यावर ही सोय अधिक व्यापक झाली. मधल्या काळात आणखी एक दोष उघड झाला होता. लस न घेताच ती घेतल्याचे संदेश काही जणांना येत होते. त्यावर ८ मेपासून चार अंकी सुरक्षा संकेतांक सुरू करण्यात आला. लस देण्यापूर्वी तो अंक विचारला गेल्याशिवाय नोंद पूर्ण होत नसे.

या अनुभवातून कोणत्याही आयोजकाने दोन गोष्टी शिकाव्यात. 'प्रथम येईल त्यास प्रथम' हा नियम वरवर समान दिसतो, पण ज्याच्याजवळ चांगला फोन आणि मोकळा वेळ त्यालाच तो झुकते माप देतो. म्हणून जागांचा काही भाग प्रत्यक्ष नोंदणीसाठी राखणे आवश्यक ठरते. दुसरे असे की नोंदणी आणि उपस्थिती या दोन वेगळ्या घटना आहेत. व्यक्ती समोर उभी असतानाच उपस्थितीची नोंद व्हावी. यादी पाहून घाऊक खुणा करण्याने सारा खटाटोप व्यर्थ जातो.

नोंदणी केंद्र आणि बचत गट

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी केंद्र चालविण्याचे काम गावातील महिला बचत गट उत्तम प्रकारे करू शकतात. नियमित बैठक, हजेरी आणि पैशांची चोख नोंद हा त्यांचा नित्याचा परिपाठ आहे. केंद्रावरील महिलेने येणाऱ्याचे नाव व्यासपीठावर भरावे, रोख रक्कम घेऊन क्रमांकित पावती द्यावी आणि तिकिटाचा क्रमांक त्या पावतीवर लिहावा. ज्याच्याकडे फोन नाही त्याला क्यूआर कोडाची छापील प्रत मिळावी. आपले सरकार सेवा केंद्राचीही या कामी मदत घेता येईल.

केंद्रावरील आणि ऑनलाइन नोंदी एकाच यादीत जावयास हव्यात. एक वही केंद्रात आणि दुसरी यादी संगणकात असे झाले की तीच जागा दोनदा दिली जाते. रोज सायंकाळी पावती पुस्तकाची शेवटची पावती आणि व्यासपीठावरील केंद्राची एकूण संख्या ताडून पाहावी. वरील उदाहरणात ८० पावत्या फाटल्या असतील तर ८,००० रुपये हाती असले पाहिजेत. एक रुपयाही कमी अथवा जास्त असता कामा नये.

गर्दी, सुरक्षा आणि विश्वास

नोंदणीचा संबंध केवळ सोयीशी नाही, तर जीविताशीही आहे. ४ जून २०२५ रोजी बंगळूर येथील चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांना प्राण गमवावे लागले. स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार. जमाव त्याहून कितीतरी पटींनी मोठा होता. प्रवेश कोणास आणि कोणत्या पासावर, याविषयी त्या दिवशी लोकांत संभ्रम होता. मर्यादित पास आणि सर्वांना खुले निमंत्रण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नोंदणीशिवाय प्रवेश नसेल तर तसे पहिल्या जाहिरातीपासून सांगावे, आणि जागा भरताच तीही बातमी तितक्याच ठळकपणे द्यावी. गावोगावी लावलेल्या फलकांवर 'नोंदणी पूर्ण झाली आहे' अशी पट्टी चिकटविण्यास फारसा खर्च येत नाही.

सहभागी व्यक्तींची माहिती ही आयोजकांकडे ठेवलेली ठेव आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे त्याचे मुख्य सूत्र होय. शिबिरासाठी घेतलेले मोबाईल क्रमांक खते-औषधांच्या विक्रेत्यास देणे, किंवा संपूर्ण यादी व्हॉट्सॲप गटावर टाकणे सर्वथा अनुचित आहे. कार्यक्रम संपून हिशेब पूर्ण झाला की अनावश्यक माहिती काढून टाकावी.

फसवणुकीपासूनही सावध राहावयास हवे. लोकप्रिय कार्यक्रमांच्या नावाने खोटी पाने निघतात आणि परिचित वाटणाऱ्या दुव्यावरून पैसे उकळले जातात. अधिकृत दुवा एकच असावा आणि तो छापील पत्रिकेवरही द्यावा. शुल्क परत मिळविण्यासाठी यूपीआयचा गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही, ही सूचना केंद्रावर मोठ्या अक्षरांत लावावी. कोणाची फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

पैसे खात्यातून गेले पण तिकीट आले नाही, ही तक्रार प्रत्येक आयोजकाकडे येते. अशा वेळी तक्रारदारास दुसऱ्यांदा पैसे भरावयास सांगू नये. व्यवहार क्रमांक घेऊन व्यासपीठाकडे चौकशी करावी आणि तोवर त्याचे नाव जागेसह राखून ठेवावे. कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला गेला तर पैसे केव्हा आणि कसे परत मिळतील, हा नियम नोंदणी सुरू होण्यापूर्वीच पानावर असावा. पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी तर हे कलम प्रथम लिहावे.

कार्यक्रमानंतर

समारोपाचे भाषण झाले आणि मांडव उतरला म्हणजे नोंदणीचे काम संपले असे नव्हे. उपस्थित किती, अनुपस्थित किती, कोणत्या गावांतून कोण आले, केंद्रावरून किती आणि ऑनलाइन किती, ही आकडेवारी व्यासपीठ सहज काढून देते. पलसदेव, कळस, भिगवण आणि बावडा या गावांतून किती शेतकरी आले, हे कळले तर पुढील शिबिर कोठे घ्यावे याचा निर्णय अंदाजाने करावा लागत नाही. ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांत महिला अल्प आणि केंद्रावरून येणाऱ्यांत त्या अधिक, असे आढळले तर पुढील वेळी केंद्राच्या जागा ८० वरून वाढविण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

हिशेबाचा ताळेबंदही जाहीर करावा. वरील शिबिरात सर्व जागा भरल्यास ऑनलाइन १७,३६२ रुपये ८० पैसे, केंद्रांवरील ८,००० रुपये आणि आयत्या वेळचे २,००० रुपये मिळून २७,३६२ रुपये ८० पैसे जमा होतील. ही रक्कम आणि तीमधून झालेला खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर पुढील कार्यक्रमाच्या नोंदणीस त्याहून प्रभावी जाहिरात लागणार नाही.

दिंडीप्रमुख ज्या आस्थेने आपल्या वारकऱ्यांची पाने मोजतो, त्याच आस्थेने ही नवी साधने हाताळली गेली पाहिजेत. यंत्र मोजणी अचूक करील. पण कोणासाठी किती जागा राखावयाच्या, हे माणसांनीच ठरवावयाचे आहे. जलाशयापलीकडून निघालेल्या त्या शेतकरी महिलेच्या हाती घडी घातलेली कागदी प्रत असावी, दारातील मोबाईलने तिचा कोड ओळखावा आणि आत तिच्या नावाचे आसन रिकामे असावे, एवढे साधले तरी आयोजकांच्या श्रमाचे चीज झाले असे म्हणता येईल.